यादीत नसलेल्यांची यादी

मंगळवार, १ जुलै २०२५

काल संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या डॅशबोर्डवरून कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतली सगळी दूध संकलन केंद्रं नाहीशी झाली, आणि त्याबद्दल कुणाच्याही फोनवर अलर्ट आला नाही. पहिली खबर दिली ती पन्हाळा तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांनी. "ताई, पावती निघंना झालीया. माणसं कॅन घिऊन थांबल्यात, काय करू सांगा." वजन, फॅट, एसएनएफ वहीत उतरवून घ्या, रात्री भरून घेऊ, असं त्यांना सांगितलं आणि डॅशबोर्ड उघडला. एकही केंद्र लाल नव्हतं.

आज सकाळचं संकलन आटोपल्यावर लॉग घेऊन बसले. प्रत्येक केंद्रावर आमचा एक छोटा संगणक असतो. सगळे त्याला डबा म्हणतात. वजनकाटा आणि मिल्क ॲनालायझर त्याला जोडलेले. तो लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) पुण्यातल्या सर्व्हरला कळवतो, दर घेतो आणि पावती छापतो. देखरेखीसाठी आम्ही प्रोमिथियस वापरतो. ठरावीक सेकंदांनी तो प्रत्येक डब्याला आणि क्लस्टरमधल्या प्रत्येक सर्व्हिसला स्वतःहून विचारतो: तुझे आकडे दे. उत्तर आलं की त्या डब्यासाठी 'अप' नावाचा आकडा १ होतो, नाही आलं की ०. पण विचारायचं कुणाला, हे त्याला आधी कळावं लागतं. ती यादी मिळवण्याचं काम म्हणजे सर्व्हिस डिस्कव्हरी. केंद्रांची यादी आमच्याच डेटाबेसमधून एक लहानसा अडॅप्टर काढून देतो.

काल घडलं ते असं. ३० जून, महिनाअखेर, एकवीस ते तीसचं बिल. साडेपाचनंतर कुणीतरी तात्पुरतं बिल काढून बघणारा रिपोर्ट लावला आणि डेटाबेस अडकला. इंटरनेट पूर्ण गेलं असेल तर डबा जुन्या दरपत्रकावर पावती काढतो. उत्तर उशिरा येत असेल तर मात्र वाट बघत राहतो. पाच सत्तेचाळीसला 'पावती रखडली' हा अलर्ट वाजला, जसा वाजायला हवा तसा. पाच पन्नासला अडॅप्टरने यादीसाठी त्याच डेटाबेसला विचारलं, उत्तर आलं नाही, आणि त्याने प्रोमिथियसला रिकामी यादी दिली. एचटीटीपी २००, म्हणजे सगळं व्यवस्थित, आणि यादीत कुणीही नाही. प्रोमिथियसने ते खरं मानलं. सगळे डबे यादीतून गेले, त्यांचे आकडे थांबले, आकड्यांवर उभा असलेला अलर्टही विझला. पाच त्रेपन्नला सगळ्यांच्या फोनवर संदेश गेला: 'रिझॉल्व्ह्ड'. ड्यूटीवरच्या मुलाने तो वाचला आणि जेवायला उठला. त्याला दोष देता येणार नाही. यंत्रणेनेच त्याला प्रश्न सुटल्याचं सांगितलं होतं.

शाळेच्या हजेरीपटावर ज्याचं नावच नाही, त्याची गैरहजेरी कुणी मांडत नाही. 'अप' शून्य झाला तर ओरड, हा आमचा नियम यादीतल्यांसाठीच होता.

बुधवार, २ जुलै

अडॅप्टरची दुरुस्ती छोटी निघाली. डेटाबेसने चूक दिली किंवा वेळेत उत्तर दिलं नाही, तर रिकामी यादी न देता ५०३ द्यायचा. प्रोमिथियसच्या बाजूचं वागणं दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. यादी आणताना चूक झाली, तर तो हातातली जुनी यादी वापरत राहतो आणि अपयशांचा आकडा वाढवतो. २०० सह रिकामी यादी आली, तर मात्र खरोखरच कुणी नाही असं समजतो. ही त्याची चूक नाही. काही वेळा खरंच कुणी नसतं. 'मला माहीत नाही' आणि 'कुणी नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि त्यांतला फरक सांगण्याची जबाबदारी यादी देणाऱ्याची आहे.

एचटीटीपीवरून यादी घेण्याची ही सोय २०२१ मध्ये, २.२८ या आवृत्तीत आली. त्याआधी ज्यांना आपल्याच नोंदींतून यादी द्यायची असे, ते फाइल लिहीत. नव्या पद्धतीची एक अडचण मला आज टेस्टिंगमध्ये नीट जाणवली: ही यादी फक्त मेमरीत असते. प्रोमिथियस रीस्टार्ट झाला आणि नेमका तेव्हाच डेटाबेस अडकलेला असला, तर जुनी यादीही हातात नसते. गोंधळाच्या संध्याकाळी कुणीतरी सर्वांत आधी रीस्टार्टच करतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून दुपारच्या बैठकीत मी पुन्हा फाइलकडे जावं असं सुचवलं. अडॅप्टर यादी बनवेल, तपासेल, डिस्कवर लिहील. प्रोमिथियस ती फाइल वाचेल. डेटाबेस गेला, अडॅप्टर गेला, प्रोमिथियस रीस्टार्ट झाला, तरी शेवटची चांगली यादी डिस्कवर असेल. एका सहकाऱ्याला हे मागे जाण्यासारखं वाटलं. माझ्या दृष्टीने नव्या-जुन्याचा प्रश्नच इथे येत नाही. वाईट संध्याकाळी काय शिल्लक राहतं, तेवढं बघायचं.

शुक्रवार, ४ जुलै

फाइल लिहिताना घ्यायची काळजी. सरळ मूळ फाइल उघडून तिच्यात लिहू लागलो, तर प्रोमिथियस अर्धवट लिहिलेली फाइलही वाचू शकतो, कारण बदल झाल्याची खबर त्याला लगेच मिळते. अर्धवट जेसन त्याला कळत नाही आणि तो जुनी यादी धरून राहतो, हे खरं. पण त्यावर विसंबून काम करणं बरोबर नाही. त्याच डिस्कवर तात्पुरती फाइल पूर्ण लिहायची आणि मग तिचं नाव बदलून मूळ जागी आणायची. नाव बदलणं ही लिनक्सवर एका झटक्यात होणारी क्रिया आहे. वाचणाऱ्याला जुनी फाइल दिसेल किंवा नवी, मधली अवस्था दिसणार नाही.

दुसरं: फाइल बदलल्याची खबर सगळीकडे पोचत नाही. नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर दुसऱ्या मशीनने लिहिलं, तर ही खबर येतच नाही. प्रोमिथियस दर पाच मिनिटांनी स्वतः पुन्हा वाचतो, तेवढाच आधार. कुबरनेटीसमध्ये कॉन्फिगमॅपमधली एकच फाइल 'सबपाथ' वापरून पॉडमध्ये जोडली, तर पॉड नवा होईपर्यंत तिच्यात बदल उतरतच नाहीत. आमच्या एका जुन्या क्लस्टरमध्ये नेमकं तसंच जोडलेलं सापडलं. तिथली यादी पॉड सुरू झाल्या दिवसाची होती.

म्हणजे आता उलटा धोका: यादी रिकामी होणार नाही, पण शिळी राहील. फाइलचा शेवटचा बदल कधीचा, हा आकडा प्रोमिथियस स्वतःच देतो. अडॅप्टरने यादी तपासली की बदल नसला तरी फाइल नव्याने लिहायची, आणि फाइल अर्ध्या तासापेक्षा जुनी झाली की अलर्ट. अडॅप्टरमध्ये आणखी एक अट घातली: नवी यादी जुनीपेक्षा एकदम दहा टक्क्यांहून जास्त लहान निघाली, तर लिहायची नाही, माणसाला विचारायचं. एका दिवसात इतकी केंद्रं कधी बंद होत नाहीत.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

ड्यूटी माझी. गाई-म्हशींना एकादशी नसते. सकाळचं संकलन नेहमीसारखं झालं. दुपार शांत होती, म्हणून जुन्या गोष्टी वाचत बसले.

देखरेखीचं जुनं साधन नॅगिऑस १९९९ मध्ये आलं, तेव्हा त्याचं नाव नेटसेंट होतं. त्यात प्रत्येक सर्व्हर हाताने लिहावा लागे. सर्व्हर महिनोन्महिने एकाच जागी असत, तेव्हा ते चाललं. पुढे बर्लिनमध्ये साउंडक्लाउडने आपलं ॲप्लिकेशन अनेक लहान सर्व्हिसेसमध्ये मोडलं, त्या स्वतःच्या बझूका नावाच्या यंत्रणेवर चालवल्या, आणि कुठली सर्व्हिस कुठल्या मशीनवर आहे हे दिवसातून कितीदा तरी बदलू लागलं. त्यांच्याकडची स्टॅट्सडी आणि ग्रॅफाइट ही साधनं पुरेनात. २०१२ मध्ये गूगलमधून तिथे आलेल्या मॅट प्राउड आणि ज्युलियस फोल्त्स यांनी प्रोमिथियस सुरू केला. गूगलच्या आतल्या बोर्गमॉन या देखरेख यंत्रणेचा विचार त्यामागे होता. २०१५ च्या जानेवारीत त्याची जाहीर घोषणा झाली, आणि २०१६ मध्ये कुबरनेटीसपाठोपाठ क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनने स्वीकारलेला तो दुसरा प्रकल्प ठरला.

या प्रवासात मिळालं पुष्कळ. नवा पॉड उभा राहिला की काही क्षणांत त्याच्यावर नजर बसते, कुणी काही लिहावं लागत नाही. पण एक गोष्ट हातून गेली, आणि तिच्याबद्दल फार थोडं बोललं जातं. नॅगिऑसच्या हाताने लिहिलेल्या यादीत मेलेला सर्व्हर लालच राहायचा, कारण तो असायला हवा असं एका माणसाने लिहून ठेवलेलं असे. डिस्कव्हरी आत्ता काय आहे तेवढं सांगते. काय असायला हवं, हे तिला माहीत नसतं आणि ते तिचं कामही नाही. दोन प्रश्नांची उत्तरं पूर्वी एकाच फाइलमध्ये होती. फाइल गेली, तेव्हा दुसरं उत्तरही गेलं, आणि त्याची जागा कुणी भरली नाही. आमचं ३० जूनचं कारण वरवर बघता अडॅप्टर आहे, पण खरं कारण हे आहे.

मंगळवार, ८ जुलै

क्लस्टरच्या आतली बाजू. प्रोमिथियस तिथे कुबरनेटीसला विचारून पॉडचे पत्ते घेतो. आमचं कॉन्फिगरेशन अजून जुन्या 'एंडपॉइंट्स' पद्धतीवर होतं. या एप्रिलमध्ये आलेल्या १.३३ आवृत्तीत कुबरनेटीसने ती कालबाह्य ठरवली. तिची मोठी उणीव अशी की एका सर्व्हिसचे हजाराहून जास्त पत्ते ती ठेवत नाही; वरचे कापले जातात. हजाराच्या पुढचा पॉड चालू असतो, काम करत असतो, फक्त या यादीत नसतो. नव्या 'एंडपॉइंटस्लाइस' पद्धतीत पत्ते तुकड्यातुकड्यांनी ठेवतात, मुळात एका तुकड्यात शंभर. आमच्याकडे हजार पॉड नाहीत आणि लवकर होतील असं वाटतही नाही, पण जुन्यावर थांबण्यात अर्थ नाही.

कॉन्फिगरेशनमध्ये एक शब्द बदलायचा, एवढंच काम दिसत होतं. टेस्ट क्लस्टरवर बदलला आणि यादी रिकामी झाली. कारण एक: नवी पद्धत कुबरनेटीसच्या वेगळ्या एपीआय गटात आहे आणि प्रोमिथियसच्या खात्याला त्या गटातलं वाचण्याची परवानगी नव्हती. लॉगमध्ये नकाराच्या ओळी होत्या, अलर्ट नव्हता. परवानगी दिली. पॉड सापडले, तरी एकही टार्गेट यादीत टिकेना. कारण दोन: डिस्कव्हरी प्रत्येक पत्त्यासोबत माहितीची तात्पुरती लेबलं देते, आणि नव्या पद्धतीत त्यांची नावं बदलली आहेत. आमचा रीलेबलचा, म्हणजे लेबलं बघून पत्ता ठेवायचा की वगळायचा हे ठरवणारा, नियम 'पोर्टचं नाव मेट्रिक्स असेल तरच ठेव' असा होता, आणि तो जुन्या नावाचं लेबल वाचत होता. नसलेलं लेबल प्रोमिथियस रिकामा मजकूर मानतो. रिकामा मजकूर 'मेट्रिक्स'शी जुळत नाही, म्हणून सगळे वगळले. नियमाने सांगितलं ते केलं आणि कुठेही चूक नोंदली गेली नाही.

प्रोमिथियसच्या वेब पानावर 'सर्व्हिस डिस्कव्हरी' नावाचा एक भाग आहे. सापडलेले किती, ठेवलेले किती, वगळलेले कुठले आणि त्यांची मूळ लेबलं काय, हे सगळं तिथे दिसतं. आमच्या गटातल्या बऱ्याच जणांनी ते पान कधी उघडलेलं नव्हतं. 'टार्गेट्स'चं पान सगळे बघतात, आणि तिथे फक्त उरलेले दिसतात.

गुरुवार, १० जुलै

'सर्व्हिस डिस्कव्हरी'च्या त्याच पानावर आणखी एक सापडलं. दराची सर्व्हिस मे महिन्यात दोन भागांत उभी केली होती, गाईच्या दुधासाठी वेगळी आणि म्हशीच्या दुधासाठी वेगळी, नावाला शेपूट लावून. रीलेबलच्या 'ठेव' (कीप) या नियमात नुसतं मूळ नाव होतं. रीलेबलमधला रेजेक्स दोन्ही टोकांना बांधलेला असतो, पूर्ण मजकूर जुळावा लागतो. त्यामुळे दोन्ही नव्या सर्व्हिस तेव्हापासून यादीबाहेर होत्या. शेपटाला जागा करून दिली. पाच मिनिटांचं काम. मे महिन्यापासूनचे आकडे मात्र आता कुठूनही येणार नाहीत.

शनिवार, १२ जुलै

पन्हाळा तालुक्यात, त्याच संस्थेत. सचिवांनीच बोलावलं होतं, "एकदा यिऊन बघा तरी." पहाटे कोल्हापूरहून निघाले तेव्हा पाऊस जोरात होता. सव्वासहाला केंद्राचं शटर उघडं, पत्र्यावर पावसाचा आवाज, आणि बायका-माणसं किटल्या घेऊन रांगेत. एका बाजूला वजनकाटा, टेबलावर ॲनालायझर, वरच्या फळीवर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला आमचा डबा. दूध ओतलं की नमुना ॲनालायझरला लागतो, आकडे येतात, पावती निघते. माणूस पावतीवरचा फॅट बघतो, मगच बाजूला होतो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही दराची पायाभूत प्रत. तिच्या खालीवर झालेला प्रत्येक पॉइंट इथल्या माणसाला तोंडपाठ आहे. पावती रखडली म्हणजे काय होतं, हे पुण्यातल्या आलेखात दिसत नाही. दूध तर टाकीत गेलेलं असतं, आणि आपल्या दुधाला काय लागलं हे न कळताच माणसाला घरी जावं लागतं.

संकलन संपल्यावर डब्याच्या खालचा क्रमांक बघितला. तो माझ्याकडच्या यादीत शेजारच्या गावाच्या नावावर होता. सचिव म्हणाले, "आमचा बिघडला तवा त्यांचा आणून लावला. आमचा दुरुस्त हून आला, त्यो त्यांनी ठिवला. काम चालतंय की दोन्हीकडं." काम खरंच चालत होतं. सचिव सत्र सुरू करताना केंद्राचा कोड टाकतात, म्हणून पावत्या आणि बिलं बरोबर. डब्यांशी आम्ही वायरगार्डच्या बोगद्यातून बोलतो, आणि त्याची किल्ली डब्याची, गावाची नव्हे. म्हणून प्रोमिथियसच्या लेखी हे केंद्र शेजारच्या गावात होतं आणि शेजारचं इथे. दोन्हींचा 'अप' १. या गावची वीज गेली असती, तर आम्ही शेजारच्या सचिवांना फोन केला असता.

यादी भरलेली असणं पुरेसं नाही. ती कशाची आहे, डब्यांची की केंद्रांची, हे ठरवावं लागतं. परतताना गाडीत याचाच विचार केला. डबा स्वतःच्या आकड्यांसोबत सचिवांनी टाकलेला केंद्राचा कोड देतो, आणि आमच्या यादीतलं लेबलही त्याच नावाचं आहे. अशी टक्कर झाली की प्रोमिथियस यादीतलं लेबल ठेवतो आणि डब्याने सांगितलेल्याला पुढे 'एक्स्पोर्टेड' जोडून वेगळं ठेवतो. म्हणजे दोन्ही साक्षी आधीपासून साठवलेल्या आहेत, त्या ताडून बघायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

सोमवार, १४ जुलै

ताडून बघितलं. अदलाबदल झालेली आणखी केंद्रं निघाली. दुरुस्तीच्या माणसांकडे यादी दिली. डबा बदलला की नोंद बदलायची, हे काम आजवर कुणाचंच नव्हतं. आता त्यांचं आहे.

मग तालुकावार मोजणी करताना कऱ्हाड तालुका तीनदा दिसला. पडद्यावर तिन्ही अक्षरन् अक्षर सारखे. आतले कोड बघितल्यावर उलगडा झाला. एका ठिकाणी 'ऱ' हे एकच युनिकोड अक्षर आहे. दुसरीकडे साधा 'र' आणि खाली नुक्ता. तिसरीकडे 'र', हलन्त आणि पुढे न दिसणारी जोडखूण. तीन जणांनी तीन कीबोर्डवरून भरलेलं. प्रोमिथियससाठी लेबल म्हणजे बाइट्स, त्यामुळे तीन वेगळे तालुके. कऱ्हाडात एखाद्या सबस्टेशनची वीज गेली की एका अलर्टऐवजी तीन येत, आणि प्रत्येकात थोडीच केंद्रं असल्याने एकही गंभीर वाटत नसे.

युनिकोडच्या सामान्यीकरणाने पहिली दोन रूपं एक होतात. तिसरं तसंच राहतं. नावं दुरुस्त करत बसण्यापेक्षा लेबलमध्ये केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला तालुक्याचा कोड घ्यायचं ठरवलं. नाव फक्त संदेशात, माणसाने वाचण्यासाठी. मराठी नावांचं काम करणाऱ्या प्रत्येक यंत्रणेत हा घोळ कुठे ना कुठे असणार. 'ऱ' असलेली गावं आपल्याकडे काही कमी नाहीत.

बुधवार, १६ जुलै

सगळ्यात महत्त्वाचं काम आज झालं: असायला हवेत ते किती, हा आकडा. तो आमच्या डेटाबेसमधून घेतला, तर पुन्हा तीच गत. दूध संघ आपल्या संस्थांचं रजिस्टर स्वतः ठेवतात आणि त्याची प्रत आम्हाला बिलासाठी देतात. ती वेगळ्या मशीनवर ठेवून तालुकावार आकडा प्रोमिथियसला देणारा एक छोटा एक्स्पोर्टर लिहिला.

मग नियम: रजिस्टरमधल्या आकड्यातून यादीतल्या केंद्रांचा आकडा वजा करा, बाकी उरली की सांगा. वाचायला बरोबर वाटतो. तपासायला एका तालुक्यातली काही केंद्रं काढली, अलर्ट आला. पूर्ण तालुका काढला, तर काहीच आलं नाही. प्रोमिथियसच्या भाषेत वजाबाकी जोड्यांची होते. उजवीकडे त्या तालुक्याचा आकडाच नसला, तर जोडी जमत नाही आणि डावीकडचाही गळून जातो. थोडी केंद्रं गेली तर ओरड आणि सगळी गेली तर गप्प: ३० जूनला जे घडलं तेच, आता त्यावर उपाय म्हणून लिहिलेल्या नियमात. 'अनलेस' वापरून दुसरी अट जोडली: रजिस्टरमध्ये जो तालुका आहे आणि यादीत ज्याचं एकही केंद्र नाही, तो स्वतंत्रपणे दाखव. 'ॲब्सेंट' या फंक्शनने हे भागलं नसतं. ते सगळंच गेलं तर बोलतं. कोणता तालुका गेला, हे त्याला आपण आधी एकेक करून सांगावं लागतं.

रजिस्टरचा आकडाच येईनासा झाला तर वेगळा अलर्ट. आणि सतत वाजता राहणारा एक अलर्ट बाहेरच्या सेवेकडे जातो. तो थांबला की ती सेवा आम्हाला फोन करते. त्याच्या पुढे जाण्याची आत्ता गरज वाटत नाही.

मंगळवार, २२ जुलै

आज दुपारी, दोन संकलनांच्या मधल्या वेळात, चालू यंत्रणेवर चाचणी. ड्यूटीवरच्या मुलाला आधी सांगितलं नव्हतं. गटप्रमुखांची परवानगी घेतली होती. यादीच्या फाइलमधून गगनबावडा तालुका पूर्ण काढला. नियमात ठरवलेली दहा मिनिटं गेली आणि त्याचा फोन वाजला. संदेशात तालुक्याचं नाव होतं, रजिस्टरप्रमाणे किती केंद्रं हवीत ते होतं आणि यादीत एकही नाही हे होतं. त्याने सचिवांना फोन न लावता आधी डिस्कव्हरीचं पान उघडलं. यादी परत ठेवली, अलर्ट विझला, आणि या वेळी 'रिझॉल्व्ह्ड' खरं होतं.

मग डेटाबेस अडकल्याचा देखावा करून अडॅप्टर तपासला: फाइल तशीच राहिली, प्रोमिथियस रीस्टार्ट केला तरी सगळी केंद्रं जागेवर होती, आणि अर्ध्या तासाने यादी शिळी झाल्याचा अलर्ट आला. ही चाचणी आता दर महिन्याच्या कामांच्या यादीत घातली आहे, बिलाच्या तारखा टाळून.

हे काम करणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. सर्व्हर बंद पाडून अलर्ट येतो का, हे आपण सगळेच बघतो. या आठवड्यात एकदा सर्व्हर चालू ठेवा, यादीतून त्याचं नाव तेवढं काढा, आणि तुम्हाला कोण कळवतं ते बघा.